सुटे भाग

मोचेमाडला सगुण रेडकरांच्या ओट्यावर
सूक्ष्मदर्शक मांडलाय. वीज सकाळपासून गेलेली,
म्हणून आरसा उन्हाकडे वळवला.
काचेवर एक थेंब, कालची माडी,
आंबूस, साखर जवळजवळ संपलेली.

आत यीस्टच्या पेशी. गोल, थोड्या लांबट,
काहींना कोंब फुटलेला, काही नुसत्या पडून.
पुण्यात सात वर्षं मी यांच्याच पोटातले पंप मोजले.
या भिंगातून ते दिसत नाहीत.
तरी मी काकांना सांगते, आणि ते
दिसत असल्यासारखे डोळा लावून बसतात.

चाक असतं, पोकळीच्या भिंतीत रुतलेलं.
त्यावर डोकं, इंधन जाळणारं,
मधून दांडा, कडेला तीन टेकू.
डोकं जाळतं, दांडा फिरतो, चाक फिरतं,
आणि आंबटपणा घोटाघोटानं आत ओढला जातो.
साखर मिळते आहे तोवर.

साखर संपली की पाच मिनिटांत
डोकं चाकावरून उतरतं.
मोडत नाही. उतरतं.
एक लहान तुकडा दोघांनाही सोडून
तिसरीकडेच भटकत राहतो.
उतरलेलं डोकं स्वतःलाच कुलूप घालतं,
समोर इंधन असलं तरी शिवत नाही.
मागे राहिलेलं चाक जागच्या जागी अडतं,
आत साठलेलं बाहेर गळू देत नाही.
या न गळण्यावर माझी तीन वर्षं गेली.
आईचं शेवटचं आजारपण मी फोनवरून काढलं.

काकांचा गुडघा गेल्या शिमग्यापासून वाकत नाही.
आऊत एका खुंटीला, कंबरेचा दोर दुसऱ्या,
पोय ठोकायचं दांडकं तुळशीमागे
कुणीतरी टाकून दिलेलं.
सगळं शाबूत आहे. गंजही नाही.

"मगे, परत जोडता कोण?"

मी गुळाचं पाणी काचेच्या कडेनं आत सोडते.
नवं काही घडवावं लागत नाही, म्हणते,
जुनेच भाग परत येतात.
पण आपले आपण नाही.
तिघांची एक टोळी असते. ती उतरलेलं डोकं धरते,
भटक्या तुकड्याला गाठते,
दोघांना चाकावर नेमकं बसवते
आणि सोडून देते.
त्या तिघांतला एक तर दुसऱ्याच कामावरचा,
उसना आणलेला.
पंप फिरायला लागला की भागांच्या यादीत
त्यांचं नाव सापडत नाही.

"साखर इली, ह्या तेंका कळता कसा?"
ते मला अर्धंच ठाऊक आहे.
तसं सांगितलं. काका खूश झाले.

सत्यभामाकाकी केव्हाची उभी होती दारात.
चाळीस वर्षं, पहाटे आणि तिन्हीसांजा,
मडकी धुऊन उन्हात उपडी घालणारी,
नवरा चढायच्या आधी दोराची गाठ ओढून बघणारी.
माडीच्या परवान्यावर 'सगुण बाबाजी रेडकर' एवढंच.

ती खुंटीवरून दोर काढते.
पुतण्या गौरेश काल रात्रीच्या बसनं आलाय,
मोप्याच्या विमानतळावर बॅगा चढवायचा,
ठेकेदार बदलला, मुलं घरी पाठवली.
त्याची कंबर काकांच्या निम्मी.
काकी जुनी गाठ दातांनी सोडवते
(घामानं दगड झालेली, एकदा थुंकते),
वीतभर आत नवी मारते,
दोन झटके देते, मागे आऊत अडकवते,
आणि हात काढून घेते.

थेंब कडेनं सुकायला लागलाय.
भिंगात एका पेशीला कोंब दिसतो.
मघापासूनच असेल, मी बघितला नसेल.

बाहेर गौरेशनं पहिल्याच माडाला हात घातला.
"तो नको रे," काका ओट्यावरून ओरडतात,
"तेच्या बाजूचो. थंय मुंगळे आसत."